चार अक्षरांचं बटण

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे ‘अनुस्वार’ म्हणायचे. अगदी तोंडावर म्हणायचे आणि त्यांना ते चालायचं. अंगाने एवढेसे, सतत दुसऱ्याच्या डोक्यावर बसलेले, आणि नसले की अर्थ बिघडतो, अशी तीन कारणं मी त्यांना एकदा मोजून दाखवली होती. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "तिसरं कारण काढून टाका बाई. मी नसलो तरी इथे काही बिघडत नाही." मग मान खाली घालून परत कामाला लागले. थट्टेचीसुद्धा शुद्धलेखनाची चूक काढणारा माणूस, काय बोलणार!

सव्वीस वर्षं ते एका छापखान्यात मुद्रितं तपासत होते. छापखाना बंद पडला, यंत्रं भंगारात गेली, आणि पन्नाशी उलटल्यावर हे गृहस्थ आमच्याकडे आले. मीही त्याच वाटेने आलेली. शाळेत वीस वर्षं घसा फोडून झाल्यावर आवाजच बसला, म्हणून न बोलायची नोकरी शोधत होते. शाळेतली ‘बाई’ ही हाक तेवढी बरोबर आली.

ऑफिस गाद्यांच्या एका दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर. लांबट खोली, उघडता न येणाऱ्या खिडक्या, मधोमध पाण्याचं मशीन, आणि त्या मशीनला दर पंधरा मिनिटांनी येणारा ढेकर. काम एका सोशल नेटवर्कचं. जगभरातले लोक जिथे एकमेकांचे फोटो बघतात आणि कुणी न विचारता सल्ले देतात, त्यांतलंच एक. त्याचं नाव मी आजही घेत नाही, कारण रुजू होताना आमच्याकडून सही घेतली होती: कुठल्या कंपनीचं काम करतो ते बाहेर सांगायचं नाही, घरीही नाही. बाकीच्यांनी संध्याकाळच्या आत घरी सांगून टाकलं. अनुस्वारांनी नाही सांगितलं. सही म्हणजे सही.

खिडकीकडच्या टेबलांवर शब्दवाले बसायचे, भिंतीकडे आम्ही तक्रारवाले. शब्दवाले त्या साईटवरच्या बटणांना आणि सूचनांना मराठी शब्द बसवणार. लोक ती बटणं दाबून वैतागले की मराठीत तक्रारी लिहिणार, आणि त्या वाचून आम्ही ढीग लावणार. तिकडे सांडणारे, इकडे पुसणारे, असं मी म्हणायचे. माझं आणि अनुस्वारांचं टेबल समोरासमोर. त्यामुळे सांडणारा आणि पुसणारी एकाच वेळी डबा उघडायचो.

डबा त्यांच्या ताईने भरलेला असायचा. हे दोघं बहीणभाऊ एकत्र राहायचे. ताई त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेल्यामुळे तिनेच त्यांना वाढवलं. तिचं लग्न झालं, दोन मुली झाल्या, नवरा गेला, मुली लांबच्या गावी संसाराला लागल्या, आणि फिरून हे दोघंच उरले. ताई शिवणकाम करायची. पडदे, गणवेश, कुणाची पँट लांबीला कमी कर, कुणाचा झगा कमरेत सैल कर. गल्लीतलं एक घर असं नव्हतं म्हणे, ज्यातल्या कपाटात ताईची टीप नाही. अनुस्वार हे सांगताना जरा ताठ बसायचे. स्वतःबद्दल त्यांना कधी इतकं ताठ बसलेलं मी पाहिलं नाही.

मग ‘नवं रूप’ आलं. म्हणजे साईटचा चेहरामोहराच बदलायचं वरून ठरलं. का ठरलं ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. दर सोमवारी पडद्यावर येऊन बोलणाऱ्या आमच्या मॅडम होत्या, त्या एवढंच म्हणाल्या, की जुनं थकल्यासारखं दिसतंय. मी मनात म्हटलं, आमच्याकडेही एकदा बघा.

शब्दांच्या याद्या येऊ लागल्या. एका रकान्यात मूळ शब्द, शेजारचा रकाना रिकामा. ते बटण पडद्यावर कुठे असणार, त्याच्या वर काय, खाली काय, कशाचा पत्ता नाही. "हे म्हणजे डोळे मिटून सदऱ्याला बटणं लावायची," असं अनुस्वार म्हणायचे आणि एकेक शब्द उजेडाला धरून बघावा तसे बघत बसायचे.

आता ज्या शब्दाने पुढे सगळं झालं, तो. आपण काही लिहिलं की ते कुणाला दिसावं, हे ठरवायला जुन्या रूपात एक बटण होतं, ‘आपले’. त्यात आपण निवडलेली चार माणसं. नव्या रूपात ते ‘आपले’ आत कुठेतरी, तीन पायऱ्या खाली नेऊन ठेवलं आणि वर तीन नवी बटणं लावली. पहिलं ‘सगळे’, शेवटचं ‘मी’, आणि मधलं असं, की तुमच्या ‘आपले’मधल्यांबरोबरच, तुमच्यापासून थोड्या अंतरावर ज्यांचे ज्यांचे फोन आहेत त्या सर्वांनाही तुमचं लिहिणं दिसावं. अनुस्वारांनी त्याला शब्द दिला, ‘जवळपासचे’. चोख शब्द. दुसऱ्या दिवशी तो लाल होऊन परत आला: बटण अरुंद आहे, चार अक्षरांत बसवा.

दुपारचे चार वाजले होते आणि यादी पाचला बंद होणार होती. यादीत आणखी दीडशे शब्द लाल होते. मी म्हटलं, "आसपास लिहा. मोजून चार."

"आसपास हे ठिकाण झालं," ते म्हणाले. "सगळे, मी, ही माणसं आहेत. सगळे, आसपास, मी, अशी रांग व्याकरणात बसते का सांगा."

"अहो, मग ‘पास’ काढा की. जवळचे."

"अर्थ बदलतो, बाई."

"माणसं वाचणार आहेत ना? घेतील समजून."

हे मी बोलले. वीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईने, ‘माणसं समजून घेतील’ हे वाक्य! पण माझे डोळे चुरचुरत होते, पाठ आखडली होती, आणि मला त्यांचं ते शब्दाभोवती घुटमळणं त्या दिवशी नकोसं झालं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि ‘पास’ खोडला. ‘जवळचे’. बटणात अगदी मापात बसला.

नवं रूप बाहेर पडलं आणि आमच्या टेबलावर आभाळ फाटलं. लोक इतके चिडू शकतात हे मला माहीत होतं, पण इतके हळवे होतात हे नव्हतं. ‘जुनं परत द्या, मी हात जोडतो.’ ‘माझ्या बायकोचा फोटो आधी वर असायचा, आता कोपऱ्यात गेला, ती मला कारण विचारते आहे.’ ‘पांढरा रंग डोळ्यांत खुपतो.’ एक आजोबा असावेत, ते रोज सकाळी सात वाजता एकच वाक्य पाठवायचे: ‘घंटा कुठे ठेवली आहे?’ घरात कुणीतरी वस्तू हलवल्यासारखं. त्यांना उत्तर द्यायची मला मुभा नव्हती. एक दिवस त्यांचं वाक्य आलं नाही तर दिवसभर मला चुकल्यासारखं झालं.

मग दुसऱ्या जातीच्या तक्रारी. ‘मी कुठे राहतो हे तुम्हाला कुणी सांगितलं?’ ‘मी दुकानात नुसत्या चपला बघितल्या, कुणाजवळ अवाक्षर काढलं नाही, तरी तेव्हापासून चपलाच चपला.’ ‘मी कुठे असतो हे मी बायकोलाही सांगत नाही, तुम्ही कोण?’ या शेवटच्याला मी आणि अनुस्वार पाणी सांडेपर्यंत हसलो. त्या महिन्यातलं तेवढंच हसणं.

तक्रारींचे चार ढीग लावायचे असत: दिसणं, सवय, खाजगी आणि वापरकर्त्याची चूक. ‘दिसणं’ वर जायचं. ‘खाजगी’ वकिलांकडे जायचं. ‘सवय’ पंधरा दिवस झाकून ठेवायची आणि मग टाकून द्यायची, कारण तोवर लोकांना सवय होते. मॅडमनी हे हसत हसत सांगितलं होतं आणि वाईट म्हणजे ते खरं होतं. पंधरा दिवसांत लोक खरंच गप्प बसायचे. मान्य झालं म्हणून नव्हे, दमले म्हणून. चौथा ढीग, वापरकर्त्याची चूक, तो कुठेच जात नसे.

‘जवळचे’ची पहिली तक्रार मी त्याच ढिगात टाकली. एका मुलीने लिहिलं होतं, ‘नोकरी सोडायचा विचार मी फक्त जवळच्यांना कळवला होता, तो माझ्या साहेबांनी वाचला.’ साहेब त्याच इमारतीत, तिच्या डोक्यावरच्या मजल्यावर. मला वाटलं, हिने चुकीचं बटण दाबलं. दुसरी आली: घरमालकाला शिव्या घातल्या होत्या जवळच्यांपुढे, आणि घरमालक राहतो वरच. तिसरी आली, सातवी आली. ‘सगळे’ आणि ‘मी’ यांच्यामध्ये ‘जवळचे’ लिहिलेलं दिसल्यावर मराठी माणूस काय समजणार? आपल्या जीवाची माणसं. जुनं ‘आपले’ होतं त्याचंच नाव बदललं, असं वाटून लोक मनातलं लिहीत होते आणि ते पाटी लावल्यासारखं गल्लीभर दिसत होतं. दुसऱ्या भाषांच्या टेबलांवर विचारलं. तिथे अशी एकही तक्रार नव्हती. हा घोळ फक्त आपल्या भाषेतला, आणि आमच्या दोघांच्या टेबलांवरचा.

अनुस्वारांना सांगणं भाग होतं. मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत घातला. "मला ठाऊक होतं," एवढंच म्हणाले. मला वाटलं होतं, खापर माझ्यावर फोडतील, निदान ‘तुम्हीच म्हणालात’ असं तरी म्हणतील. म्हणाले असते तर बरं वाटलं असतं.

त्यांनी मॅडमना पत्र लिहिलं. दोन पानी, कलमवार, एकही चूक नसलेलं. ‘आसपास’ हा शब्द व्याकरणाला खटकला तरी वापरावा, असं त्यात शेवटी होतं, आणि ते लिहिताना त्यांना किती जड गेलं असेल ते मीच जाणे. उत्तर आलं: शब्दकोशात ‘जवळचे’चे दोन्ही अर्थ आहेत, त्यामुळे शब्द चूक म्हणता येत नाही, तरी पुढच्या फेरीत विचार करू. वाटाण्याच्या अक्षता. त्यांनी आठवड्याने पुन्हा लिहिलं. मग पुन्हा. मी तोवर त्या तक्रारी ‘खाजगी’त ढकलायला लागले होते, आणि तिकडून त्या परत माझ्याकडे ‘चूक’मध्ये येत होत्या. असा आमचा दोघांचा उद्योग चालला होता.

त्याच दिवसांत एकदा डबा खाताना ते म्हणाले, "ताईकडचं काम एकदम कमी झालंय."

"का हो?"

"तयार कपडे. हल्ली कोण शिवून घेतं?" आणि थोड्या वेळाने, "पण पडदे तर तयार आणत नव्हते लोक. तेही परत नेले."

"ताई काय म्हणतात?"

"काही नाही. म्हणते, आराम मिळतोय."

मी म्हटलं, घरी तरी त्या साईटवर बघत जा, तुमच्या भाच्या काही लिहीत असतील. भाच्यांनीच त्यांना खातं उघडून दिलं होतं. त्यांनी हात झटकला. "दिवसभर त्याच पाट्या वाचायच्या आणि घरी जाऊन पुन्हा त्याच? माझा फोन घरी गेल्यावर कपाटात." यात मला काही वावगं वाटलं नाही. माझाही फोन पिशवीतच असायचा. हलवायाला गोड नकोसं होतं, तसं.

नवं रूप येऊन सहा आठवडे झाले असतील. एका गुरुवारी जेवणानंतर माझ्यापुढे एक तक्रार आली. नाव झाकलेलं असतंच. टाईप केलेली नव्हती, फोनला बोलून लिहवलेली होती, कारण कुठे स्वल्पविराम नाही की पूर्णविराम नाही, सगळं एका दमात:

‘मी शिवणकाम करते मला डोळ्यांचा आजार झाला आहे ते मी माझ्या दोन मुली आणि भाऊ यांना कळवण्यासाठी जवळचे दाबून सांगितलं ते शेजारच्या सगळ्या बायकांना कसं कळलं कुणी वाईट बोललं नाही उलट सगळ्या येऊन धीर देऊन गेल्या पण जाताना आपापलं कापड घेऊन गेल्या आता तुम्ही आराम करा म्हणाल्या मला अजून शिवता येतं हे मी कुणाकुणाला सांगू माझा भाऊ आधी छापखान्यात होता आता कुठल्याशा ऑफिसात शब्दांचंच काहीतरी करतो त्याला विचारणार होते पण त्याने अजून माझं ते वाचलेलं दिसत नाही तुम्ही जवळचे म्हणता ते नेमके कोण तेवढं कळवा’

मी ती तीनदा वाचली. समोर अनुस्वार मान वाकवून कसल्याशा ‘पुढे चला’ बटणाशी झटापट करत होते. तक्रार कुणाची आहे हे तिसऱ्याला कळू द्यायचं नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम. ज्या माणसांचं खाजगीपण आधीच चव्हाट्यावर गेलं त्यांच्या तक्रारींचं खाजगीपण आम्ही डोळ्यांत तेल घालून जपायचो. मी अर्धा तास तशीच बसले. आपण सांगितलं नाही तर यांना कधीच कळणार नाही, आणि सांगितलं तर माझ्याच तोंडून कळणार. मला खरं सांगायचं तर पळून जावंसं वाटत होतं. शेवटी मी उठले, त्यांच्या मागे उभी राहिले आणि म्हटलं, "जरा माझ्या खुर्चीवर येऊन बसा."

ते वाचत असताना मी त्यांच्या मानेकडे बघत होते. सदऱ्याची कॉलर उलटून पुन्हा शिवलेली होती, इतकी सफाईने की जवळून पाहिल्याशिवाय कळू नये. वाचून झालं. मग म्हणाले, "लिहवून घेतलंय. तिचं अक्षर चांगलं आहे, ती कधी दुसऱ्याकडून लिहवून घेत नाही." आणि चष्मा सावरत, "दोन जागी मी पूर्णविराम दिला असता."

मग उभे राहिले. "बाई, मला एकट्याला जमणार नाही. ‘पास काढा’ तुम्ही म्हणाला होतात. चला."

सहा आठवड्यांनी का होईना, म्हणाले. मी पर्स उचलली.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे मनात राहायला नको. तो शब्द बदलला. आणखी तीन महिन्यांनी, पुन्हा एक नवं रूप आलं तेव्हा, बटणावर ‘आसपास’ आलं. कुणाचं पत्र लागू पडलं म्हणून नाही. बटण रुंद झालं, म्हणून कुणीतरी सगळेच शब्द पुन्हा बसवले. अनुस्वार तोवर नोकरी सोडून गेले होते. ताईंची गिऱ्हाईकं परत आली नाहीत. दोघीतिघी आल्या, त्या कळवळ्याने आल्या, आणि कळवळ्याने दिलेल्या कापडावर ताईंचा हात चालेना. गल्ली वाईट नव्हती हो. कुणीच वाईट नव्हतं. मॅडमसुद्धा नव्हत्या. मला याचाच जास्त शीण येतो. रागावायला कुणीतरी हवं असतं.

तर त्या गुरुवारी दुपारी आम्ही दोघं अर्धा दिवस रजा टाकून त्यांच्या घरी गेलो. चालत वीस मिनिटांचा रस्ता. तळमजल्यावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत खिडकीला लागून शिलाई मशीन, कापड बेतायचं लांब टेबल, आणि भिंतीवर खुंट्यांची एक ओळ. खुंट्या वीसएक असतील. शिवून झालेले कपडे टांगायच्या. त्यांच्यावर एकच सदरा होता, आणि तो अनुस्वारांचाच होता.

ताई मशीनपाशी बसल्या होत्या. "आज लवकर? बरं नाही का?" आणि लगेच, "कोण आहे बरोबर?"

"ऑफिसातल्या बाई."

"या, बसा. याने सांगितलंय तुमच्याबद्दल. तुम्ही याला बोलता म्हणे. बरं करता." त्या माझ्याकडे बघून हसल्या, पण त्यांची नजर माझ्या कानावर होती. मी उगीच केस मागे सारले. मग माझ्या ध्यानात आलं, की त्यांना समोरचं दिसत नाही, कडेचं दिसतं, म्हणून तोंड दिसावं यासाठी त्या कानाकडे बघतात. आणि या घरात रोज समोर बसून जेवणाऱ्या माणसाच्या हे ध्यानात आलं नव्हतं. असो. मला तरी कुणाच्या घरातलं काय दिसतं!

अनुस्वार उभेच राहिले. शाळेत मुलं कबुली द्यायला उभी राहतात तसे. "ताई, तो शब्द माझा आहे."

"कुठला शब्द?"

"जवळचे."

मग त्यांनी सगळं सांगितलं. कुठल्या कंपनीचं काम, सही, जवळपासचे, चार अक्षरं, आसपास का नको म्हटलं, व्याकरण, पाच वाजले होते. माझं नाव तेवढं घेतलं नाही. मी मध्ये तोंड घालून म्हटलं, "मी म्हटलं होतं पास काढा." ताईंनी हातानेच ‘राहू द्या’ केलं.

"म्हणजे तू त्याच ऑफिसात आहेस?"

"सही केली होती."

"चार वर्षं?"

"हो."

ताई हसायला लागल्या. खरंच हसल्या, डोळे पुसण्याइतक्या. "आणि मी तक्रार कुणाकडे केली, तर याच्याचकडे! अरे, इथे खुर्चीत बसूनच ओरडले असते की."

"हसू नकोस ताई. तुझं काम गेलं."

"जाणारच होतं ते. वर्षभरात गेलं असतं, ते आत्ता गेलं." हसू विरलं. "वर्षभर मिळालं असतं, हे मात्र खरं. वर्षभराचं काम हातात होतं माझ्या." त्यांनी मशीनच्या चाकावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. मी खाली बघितलं. अनुस्वार काहीतरी बोलायला गेले आणि त्यांना शब्द सापडेना. त्यांना!

"पण ते जाऊ दे," ताई म्हणाल्या. "तू वाचलंस का?"

"वाचली ना. बाईंनीच दाखवली."

"तक्रार नाही रे. मी लिहिलं होतं ते. तुम्हा तिघांना."

अनुस्वारांचा हात खिशातल्या फोनकडे गेला.

"नाही वाचलंस." त्यांनी मान हलवली, जणू हे त्यांना पाठच होतं. "पोरींनी त्याच दिवशी फोन केले. रडल्या, येते म्हणाल्या. धाकटीने सांगितलं, मामा बघतच नाही, तू तोंडाने सांग. मी म्हटलं, बघेल." त्यांनी बाजूला चाचपून फोन घेतला आणि पुढे केला. "बायका यायला लागल्या तेव्हा धाकटीने ते आतल्या ‘आपले’वर करून ठेवायला शिकवलं. आता फक्त तुम्हा तिघांनाच दिसतं, आणि मला काही वाचता येत नाही. वाच. मोठ्याने वाच, मलाही काय लिहिलं होतं ते नीट आठवत नाही."

त्यांनी फोन घेतला. अक्षरं इतकी मोठी केलेली होती, की पडद्यावर एका वेळी चारपाच शब्दच मावत होते. ते सरकवत सरकवत, अडखळत वाचायला लागले. विरामचिन्हं नव्हती, त्यामुळे कुठे थांबावं ते त्यांना कळत नव्हतं.

"पोरींनो आणि तू, डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही डोळ्यांचं मधलं हळूहळू जाणार आणि कडेचं राहणार, घाबरायचं नाही, आणि मला फोन करून विचारायचं नाही, कारण बोलायला लागले की रडू येतं, म्हणून इथे सांगते आहे. पोरींनो, तुम्ही संसार सोडून यायचं नाही, माझ्याजवळ हा आहे. आणि तू, तुला समोर बसवून सांगायचं मी तीनदा ठरवलं, पण तू दमून येतोस आणि जेवायला बसतोस, तेव्हा तुझ्या तोंडाकडे बघून राहून जातं. तुझं तोंड आता मला नीट दिसत नाही, पण दमलेलं असतं ते कळतं."

इथे ते थांबले. मी उठून पाणी आणावं का, असा विचार केला, आणि उठले नाही.

"वाच की," ताई म्हणाल्या.

"तर तू हे वाचलंस की घरी येऊन काही बोलू नकोस, मला जमायचं नाही. मी भर दिवसा मशीनवरचा दिवा लावून बसते त्यावरून तू रोज सकाळी जाताना ओरडतोस ना, तेवढं बंद कर. ज्या दिवशी ओरडणार नाहीस त्या दिवशी मी समजेन, की तुला कळलं."

फोनमधलं संपलं. मशीनच्या डोक्यावर दिवा लागलेला होता. बाहेर लख्ख ऊन होतं.

"आज सकाळीही ओरडलो," अनुस्वार म्हणाले.

"हो," ताई म्हणाल्या. "मी म्हटलं, उद्या वाचेल."